चौदाव्या पानावर अकरा दिवस अडकलोय. ढकला, पण उचलून नेऊ नका

उद्यमनगरचा टर्नर (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. एक सीएनसी (आकडे टाकले की आपोआप कापणारी मशीन), दोन जुन्या लेथ आणि हाताखाली एक पोरगा. कोड्यांचा नाद शाळेपासूनचा. पेपरातलं शब्दकोडं वडील चहा पीत पेनानं भरायचे, म्हणून मी त्यांच्या आधी उठून पेन्सिलीनं भरून ठेवायचो आणि त्यासाठी फटके खायचो. आता वय सत्तेचाळीस, फटके बायकोच्या नजरेचे.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं दिवाळीत घरच्यांसाठी इंटरनेटवर कोड्यांचा खेळ बनवला. एकूण वीस पानं. प्रत्येक पानावर काहीतरी असतं, चित्र म्हणा, ओळ म्हणा, कधी काहीच नाही. उत्तर खालच्या चौकटीत मराठीत टाईप करायचं, बरोबर असेल तर पुढचं पान उघडतं. नियम एकच, त्याला फोन करून विचारायचं नाही. विचारलं तर सगळ्या भावंडांना लोणी डोसा माझ्याकडून. भावंडं नऊ आहेत.

तेरा पानं सोडवली. तिसरं पान कोरं होतं. दोन दिवस कोऱ्या पानाकडे बघत बसलो. एकदा चुकून बोट दाबून धरलं तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं. नवव्याला प्रत्येक अक्षर तीन घरं पुढं सरकवलेलं, ते उलटं सरकवून 'पन्हाळा' आला. अकराव्याला अंबाबाईच्या किरणोत्सवाची तीन चित्रं होती, ऊन पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. खाली '९, १०, ११ नोव्हेंबर. पुन्हा कधी?' ते एका मिनिटात. पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. कोल्हापुरात वाढलेल्याला हे विचारायची गोष्ट आहे का! उगाच छाती फुगली आणि तिथंच चुकलं. वाटलं, आता वीसपर्यंत असंच जाणार.

चौदावं पान असं आहे. वर एका ओळीत आठ चित्रं: फणा काढलेला नाग, कमळ, चाक, ताणलेलं धनुष्य, झाड, कोवळी पालवी, लंगोट लावलेला तरणा पैलवान, आणि शेवटी आरसा-कंगवा-कुंकवाचा करंडा. त्याखाली आकडे:

२२२ ८३१ ६३२ २३१

आणि खाली एक वाक्य: 'चुटकीसरशी सुटेल.'

हे वाक्य वाचून मला रोज नव्यानं राग येतो. अकरा दिवस झाले, चुटकीसरशी म्हणे.

काय काय करून झालं ते सांगतो, म्हणजे तेच परत सुचवू नका. कमळ, चाक, धनुष्य बघून मला आधी निवडणूकच वाटली. नागावरून बत्तीस शिराळा टाकून बघितलं. चाकाचे आरे मोजले, पाकळ्या मोजल्या, पैलवानाची बोटंसुद्धा मोजली. बारा आकडे म्हणजे आधार नंबर असेल असं म्हटलं तर बायको म्हणाली, कुणाचा? मग चारी आकड्यांची बेरीज केली, आली १९१६. उडालोच! शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२, म्हणजे साल बरोबर मध्ये पडतंय. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आठवला, पण तो १९१७ चा. एका वर्षानं हुकला. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली १९१६ ला, म्हणून 'होमरूल' टाकलं. लाल अक्षरात 'नाही.' एवढंच उत्तर. त्या 'नाही'नंतरचा पूर्णविराम मला टोचतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला शेवटच्या २३१ नं. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१! हे कुणाला योगायोग वाटेल का? चार दिवस मी टेलिफोन या एकाच वाटेवर होतो. जुनी डिरेक्टरीसुद्धा माळ्यावरून काढली.

परवा तर कहर झाला. बुशच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप ३२.०२ द्यायचं होतं, मशीनमध्ये ३२.२२ टाकून बसलो. डोक्यात दिवसभर २२२ चालू असल्यावर दुसरं काय होणार. सहा बीडाचे बुश भंगारात गेले. व्यास लहान राहिला तर परत कापता येतं, मोठा झाला की संपलं. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती, हिंट द्याल तीही तशीच द्या. थोडी थोडी. एकदा जास्त कापलं गेलं की कोडं परत येत नाही.

---

पेठेतला बाळ्या

पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघ की भावा. पत्त्याच्या आधी 'व्ह्यू-सोर्स' आणि कोलन टाईप कर, आत पोरं हमखास काहीतरी लपवतात.

---

उद्यमनगरचा टर्नर

बघितला. आत भाच्यानं लिहून ठेवलंय: 'मामा, इथं काही नाही. जेवला का?'

---

निशाचर (पुणे)

तुमच्या भाच्याला माझा नमस्कार सांगा. सोर्समध्ये जेवणाची चौकशी म्हणजे पोरगं जुन्या वळणाचं आहे.

मी या दुखण्याचा जुना रुग्ण. २००४ साली डेव्हिड म्यूनिख नावाच्या जर्मन माणसानं 'नॉटप्रॉन' नावाचा असाच खेळ काढला होता. सुरुवातीला फक्त एक दार दिसतं, त्यावर क्लिक केलं की आत. पुढे पत्ता बदला, चित्राच्या फाईलचं नाव बघा, आवाज उलटा वाजवा असले प्रकार. पायऱ्या एकशे चाळीस. मी कॉलेजात असताना हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर बसून बऱ्याच चढलो आणि मग एके दिवशी शांतपणे उतरलो. कारण एका टप्प्यानंतर मी कोडं सोडवत नव्हतो, कोडं बनवणाऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखत होतो. ते लग्न ठरवताना करावं लागतं, खेळताना नको.

माझी एक कसोटी आहे. सुडोकू घ्या. नीट बनवलेल्या सुडोकूला उत्तर एकच असतं, दुसरं निघालं तर चूक बनवणाऱ्याची. त्यासाठी ८१ घरांपैकी किती आकडे आधी द्यावे लागतात, तर कमीत कमी १७. सोळा देऊन एकच उत्तर येईल असं सुडोकू बनतच नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटानं २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. म्हणजे तिथं बनवणाऱ्यावर बंधन आहे. आपल्या या चित्रांच्या कोड्यात असं बंधन कुणावरच नाही. बेरीज करा १९१६ येते, शेवट बघा एसटीडी कोड निघतो. डोकं चालणाऱ्या माणसाला कुठल्याही बारा आकड्यांत कोल्हापूर सापडेल. सांगलीवाल्याला सांगली सापडेल.

मग चांगलं कोडं ओळखायचं कसं? उत्तर कळल्यावर आपण कपाळावर हात मारतो की बनवणाऱ्याला हाणावंसं वाटतं, यावरून. तुमचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, त्यामुळे भाच्याबद्दल निकाल राखून ठेवतो. पण ते 'चुटकीसरशी' मला खटकतंय. जो मुलगा सोर्समध्ये एक ओळ वाया घालवत नाही, तो पानावर फुकटचं वाक्य टाकेल?

---

सुमनताई गडहिंग्लज

टर्नरभाऊ, तुमचं नशीब की भाचा लोणी डोसा मागतोय. माझी लेक मोबाईलवर कोड्यांचा एक खेळ खेळते, तिथं अडलं की बल्बचं चित्र येतं. बल्ब दाबला की तीस सेकंदांची जाहिरात. मग हिंट काय, तर 'नीट विचार करा'! मग दुसरा बल्ब, दुसरी जाहिरात. परवा एका पानावर प्रश्न होता, 'खोलीत किती मांजरं?' आम्ही मायलेकींनी अर्धा तास मोजली, सात. उत्तर आठ, कारण एक मांजर 'पुढे' या बटणाच्या मागे होतं, बटण बोटानं ओढून बाजूला करायचं. लेक हसून लोळत होती. मला हसू यायला रात्र उजाडली.

तरी रोज सकाळी भाकरी थापायच्या आधी माझं एक इंग्रजी वर्डल ठरलेलं. पाच अक्षरांचा शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न, दिवसाला एकच. एकच असल्यामुळे बरं. दुसरं असतं तर भाकरी करपली असती.

---

शाळेच्या बाई (निवृत्त, मु. सातारा)

टर्नर, तुमची चित्रं वाचली आणि पन्नास वर्षं मागे गेले. उत्तर मला बहुधा कळलंय. सांगणार नाही. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, वर्गात उत्तर ओरडणाऱ्या मुलांना बाहेर उभं केलं, आता मीच ओरडले तर कसं होईल?

पहिली ढकल. चित्रांकडे नुसतं बघू नका, त्यांची नावं मोठ्यानं म्हणा. पण घरातली नावं नकोत, पोथीतली घ्या. आणि धनुष्याचं नाव घेऊच नका, त्याचा आवाज घ्या.

एवढ्यावर आजची रात्र काढा.

---

उद्यमनगरचा टर्नर

बाई, रात्र काढली. झोप नाही काढली.

धनुष्याचा आवाज म्हणजे टणत्कार, टंकार. चाकाला पोथीत चक्र. झाडाला वृक्ष म्हटलं तर कुठं बसेना. मग पहाटे चारला पाणी प्यायला उठलो, तेव्हा माठापाशी उभा राहून पुटपुटत होतो: कमळ, चक्र, टंकार. कमळ, चक्र, टंकार. क, च, ट. हातातला तांब्या तसाच धरून मी मोठ्यानं म्हणालो, 'क, च, ट, त, प!' बायको आतून म्हणाली, 'आता काय शाळेत जाणार आहेस?'

म्हणजे झाड नव्हे, तरू. पालवी म्हणजे पल्लव. बाकीचे तीन पण कळल्यासारखे वाटतात. पण आकडे अजून आकडेच आहेत बाई. आणखी थोडं ढकला. थोडंच.

---

शाळेच्या बाई

शाबास. माठापाशी सुटलेलं कोडं मी पहिल्यांदाच ऐकतेय.

आता जरा गोष्ट सांगते, कारण तुमच्या भाच्यानं हे कुठून उचललं त्याचं मला कौतुक वाटतंय. याला करपल्लवी म्हणतात. समोरच्याशी न बोलता हातानं बोलायची जुनी युक्ती. आकड्यांत लिहिली की अंकपल्लवी. एक श्लोक असायचा, त्यात हाताच्या आठ खुणा: अहिफणा, कमळ, चक्र, टंकार आणि पुढचे. सांगणाऱ्यागणिक शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पहिली अक्षरं मात्र तीच: अ, क, च, ट, त, प, य, श. फण्यासारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग. मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटं दाखवून सांगायचं. आणि मात्रा कशानं सांगायची? चुटक्या वाजवून.

आता तुमच्या पानावरचं शेवटचं वाक्य परत वाचा. निशाचर यांचं नाक तीक्ष्ण आहे.

आपल्याकडे गुप्त लिहिण्याची हौस जुनी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, ते बाहेरच्या कुणाला शेकडो वर्षं वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. त्यांना किती रात्री माठापाशी काढाव्या लागल्या असतील कोण जाणे.

तुमचा शब्द फोडत नाही, दुसरा देते. ५३६ ५४१. पाचवा वर्ग त, त्यातलं तिसरं अक्षर द, मात्रा सहावी म्हणजे ऊ. पुढचं तुम्ही करा. तुमच्या गंगावेशीत रात्री कट्ट्यावर उभ्यानं पितात ते.

---

पेठेतला बाळ्या

बाई, तुम्ही आम्हाला असत्या तर मी बारावीला मराठीत सुटलो असतो. दूध!

---

शॉर्टकट

एवढं काय त्यात, सरळ उत्तर [उत्तर काढून टाकलं आहे. इथं विचारणाऱ्यानं मागितल्याशिवाय उत्तर टाकायचं नाही, हे धाग्याच्या पहिल्याच ओळीत आहे. – व्यवस्थापक]

---

उद्यमनगरचा टर्नर

व्यवस्थापक, आभार, पण घोळ व्हायचा तो झालाच. ऐका.

मी लेथवर होतो, मोबाईल बाकावर. नोटिफिकेशन वाजलं. बघितलं तर 'एवढं काय त्यात, सरळ उत्तर' एवढं दिसलं आणि मी मोबाईल पालथा टाकला. हाताखालच्या पोराला म्हटलं, बाळा, ते आलंय ते न वाचता पुसून टाक. न वाचता कसं पुसणार तो! वाचलं. पुसलं. आणि हसला.

तेव्हापासून हसतोय. चहा आणून दिला, हसला. जॉब चकमधून काढताना हसला. 'मालक, सांगू का?' असं तीनदा विचारून झालं. त्याला म्हटलं, सांगितलंस तर पगार नाही. म्हणाला, 'बरं, पण तुम्ही तिथनं रोज जाता.' झालं! आता 'रोज जातो' ही हिंट मला नको असताना मिळाली. उद्यमनगरातून मी रोज कुठंकुठं जातो याची यादी डोक्यात आपोआप सुरू झाली आणि ती बंद करायला मी मशीनचा आवाज वाढल्यासारखं मोठ्यानं गाणं म्हणत होतो.

शॉर्टकटराव, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मदतच केली. पण लग्नात नवरीचा घूंघट वऱ्हाडातल्या पाहुण्यानं उचलावा, तसं झालं हे.

---

निशाचर

टर्नर, यादी सुरू झाली असेल तरी बोटांवर मोजूनच सोडवा. ओळखलेलं उत्तर आणि काढलेलं उत्तर यांची चव वेगळी.

---

उद्यमनगरचा टर्नर

सुटलं.

बोटांवरच काढलं, निशाचर. काल संध्याकाळी पोराला लवकर घरी पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि जॉब-कार्डाच्या मागं खडूनं नाही, नीट पेनानं आठ वर्ग लिहिले. वडिलांची आठवण म्हणून पेन.

२२२. दुसरा वर्ग क. दुसरं अक्षर ख. दुसरी मात्रा आ. खा.

अकरा दिवस ज्या २२२ नं सहा बुश खाल्ले, तो म्हणत काय होता, तर 'खा'!

८३१. आठवा वर्ग श, ष, स, तिसरं स, मात्रा पहिली म्हणजे अ. 'खास' आल्याबरोबर मला कळलं होतं, पण पोराच्या हसण्याची शपथ, थांबलो नाही. ६३२. प, फ, ब. बा. आणि शेवटचा २३१, माझा एसटीडी कोड, ज्याच्यासाठी माळ्यावर चढून गुडघा सोलून घेतला. दुसरा वर्ग, तिसरं अक्षर, पहिली मात्रा.

ग. नुसता ग.

खासबाग. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान. घरी जाताना मी रोज त्याच्या बाजूनं जातो, वडील मला खांद्यावर बसवून तिथं न्यायचे. आणि पैलवान तर चित्रातच बसला होता, लंगोट लावून! तो यौवनासाठी, म्हणजे य-वर्गासाठी आहे हे बाईंमुळे कळलं, पण त्या कार्ट्यानं एकाच दगडात दोन पक्षी मारले. निशाचर, तुमच्या कसोटीवर निकाल लिहून घ्या: दोन्ही झालं. आधी कपाळावर हात मारला, मग भाच्याला हाणावंसं वाटलं.

उत्तर सुटल्यावर फोन करायला बंदी नाही, म्हणून केला. म्हटलं, बाकी सगळं सोड, शेवटी बरोबर २३१ आणून ठेवलास, कोल्हापूरचा कोड, ही चाल भारी होती, चार दिवस घुमवलंस मला. तो गप्प. मग म्हणाला, 'मामा, कसला कोड?' म्हटलं, एसटीडी. म्हणाला, 'म्हणजे ते पिवळे बूथ असायचे ते?' त्याला ठाऊकच नव्हतं! १९१६ पण ठाऊक नव्हतं. उलट म्हणाला, थांबा, बेरीज लिहून घेतो, पुढच्या खेळात वापरतो.

बाई, तुमच्याबद्दल त्याला सांगितलं. त्याला करपल्लवी कुठून मिळाली विचारलं तर म्हणाला आजीकडून. म्हणजे माझ्या आईकडून. माझी आई, जी रोज माझ्यासमोर बसून जेवते, जिला मी अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. तिला आत्ता जाऊन विचारलं, तुला हे येत होतं? तर तिनं हात कमळासारखा केला, दोन बोटं दाखवली, दोन चुटक्या वाजवल्या आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

पंधरावं पान उघडलंय. त्यावर खासबागेच्या दगडी पायऱ्यांचा फोटो, शेजारी शेंगदाण्याचा रिकामा पुडा आणि खाली दोन शब्द: 'मोजून या.' भाचा पुण्यात बसून मला चालायला लावतोय. रविवारी सकाळी जातो. शॉर्टकटराव, तोपर्यंत कुठून आकडा शोधून इथं टाकलात तर याद राखा, पोराच्या हातात मोबाईल देणं मी बंद केलंय.